बागेची शेवटची गाडी गेल्यावर : कमी खर्चात बेटावरची चैन

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा जवळपास तशीच ठेवली आहे.)

दिंडोरीतून बोलतोय. मागच्या भागात आपण बेदाण्याच्या हिशोबावर बोललो होतो. त्यानंतर मोहाडीच्या एका श्रोत्याचा निरोप आला. "दादा, कमवायचं सांगता, वाचवायचं सांगता, खर्चायचं कधी सांगणार? लग्नाला वीस वर्षं झाली. बायकोला एकदा समुद्रातल्या बेटावर न्यायचंय, चांगल्या हॉटेलात राहायचंय. पण आकडे ऐकले की पोटात गोळा येतो."

तर आजचा भाग त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. बेट, निळं पाणी, चांगली खोली, आणि खिसा फाटू द्यायचा नाही. मी मुख्यतः अंदमानवर बोलणार आहे, कारण तिथं मी दोनदा गेलोय. एकदा चुकीच्या पद्धतीनं, एकदा बऱ्या पद्धतीनं. शेवटी थोडं मालदीवबद्दलही सांगतो, कारण त्याविषयी बरेच जण विचारतात.

आपल्या द्राक्षवाल्यांची अंदमानशी ओळख तशी जुनी. दरवर्षी मे महिन्यात बातमी येते, "मान्सून अंदमानात दाखल." आपण ती वाचतो, आभाळाकडे बघतो आणि कामाला लागतो. दुसरी ओळख सेल्युलर जेलची. सावरकर आपल्या भगूरचे, त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथंच होते. आपल्याकडची बरीच माणसं त्या कोठड्या बघायलाच जातात, आणि समुद्र सोबत मिळतो.

पहिली ट्रिप सांगतो आधी. साल २०१७. मी, बायको आणि आई. आई तोपर्यंत वणीचा गड, पंढरपूर आणि एकदा मुंबईचं हॉस्पिटल, एवढंच फिरलेली. मी ठरवलं, आईला विमानात बसवायचं आणि समुद्र दाखवायचा. पण खर्च कमीत कमी करायचा. ऑगस्टमध्ये बागेत त्यातल्या त्यात कामं कमी असतात, आणि ऑगस्टमध्ये अंदमानचे दर पडलेले असतात. मला वाटलं, जमलं की! एका टूरवाल्याकडून सगळ्यात स्वस्त पॅकेज घेतलं. नाव घेत नाही, कारण दोष त्याच्यापेक्षा माझाच जास्त. त्यानं कागदावर सगळं लिहून दिलं होतं, मी फक्त खालचा आकडा वाचला.

झालं काय, हॅवलॉकला आम्ही दुपारच्या बोटीनं पोहोचलो. जेट्टीवर गाडीची वाट बघण्यात वेळ गेला. "समुद्राजवळ" लिहिलेलं हॉटेल आतल्या गल्लीत, समुद्र तिथून रिक्षाच्या अंतरावर. राधानगरच्या किनाऱ्यावर आईला नेलं तेव्हा उजेड संपत आला होता. आई पाण्यात घोट्याएवढी उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, केवढं हे पाणी!" वीस मिनिटं असेल नसेल. मग अंधार आणि पाऊस. दुसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस. तिसऱ्या दिवशी हवामान खराब म्हणून परतीची बोट रद्द. त्याच दिवशी संध्याकाळचं आमचं विमान. बोट नाही म्हणजे विमान नाही. नवीन तिकिटं काढावी लागली, तिघांची, ऐनवेळच्या भावानं. पॅकेजमध्ये जेवढे वाचवले होते, ते सगळे त्या एका दुपारी गेले, वर अजून गेले.

तेव्हा मला कळलं की मी वाचवलं काहीच नव्हतं, फक्त खर्च पुढं ढकलला होता. आपल्याकडे कोणी डावणीच्या दिवसांत एक फवारणी वाचवली की त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मी तेच केलं होतं.

दुसरी ट्रिप २०२४ च्या मार्चअखेरीस. या वेळी कागद-पेन घेऊन बसलो. त्यातून जे शिकलो ते आता क्रमानं सांगतो.

पहिलं : तारीख

बेटावरच्या सुट्टीत सगळ्यात मोठी सूट कूपनमध्ये नसते, तारखेत असते. अंदमानची गर्दी असते ती दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि शाळांची मे महिन्याची सुट्टी. या काळात विमान, हॉटेल, टॅक्सी, सगळंच चढतं. पावसाळ्यात सगळं उतरतं, पण तिथं वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्र खवळला की बोटी रद्द, पाण्यातले खेळ बंद, आणि जे बघायला गेलो ते निळं पाणीही करडं दिसतं. स्वस्त पडलं, पण कशासाठी?

मधली जागा शोधायची. आणि इथं द्राक्षवाल्याचं नशीब चांगलं आहे. आपली शेवटची गाडी भरून गेली की एप्रिल छाटणीपर्यंत बागेला विश्रांती असते, पंधरा-वीस दिवसांची. मार्चचा शेवट, एप्रिलची सुरुवात. शहरातल्या लोकांच्या मुलांच्या तेव्हा परीक्षा असतात, म्हणून गर्दी कमी. आणि अंदमानात समुद्र त्या दिवसांत बहुधा शांत असतो. म्हणजे आपली सवड, चांगलं हवामान आणि उतरलेले दर एकाच पंधरवड्यात जमतात. नोकरीवाल्यांनी फेब्रुवारीचा मधला आठवडा बघावा, तोही चांगला. शनिवार-रविवार टाळला तर अजून फरक पडतो.

पण एक अडचण आहे आपली. व्यापारी आज येतो म्हणतो आणि चार दिवसांनी येतो. माल कधी उतरेल हे आपल्या हातात नाही. म्हणून सगळ्यात स्वस्त, पैसे परत न मिळणारं बुकिंग हे आपल्यासाठी सगळ्यात महाग बुकिंग असतं. मी काय केलं, हॉटेलं जानेवारीतच धरली, पण मोफत रद्द करता येणाऱ्या दरानं. रात्रीमागं थोडे जास्त पडले. विमानाचं तिकीट मात्र सौदा पक्का झाल्यावर काढलं. तिथंही थोडे जास्त गेले. पण तारीख एकदा हलली, तेव्हा हॉटेलं फोनवर बदलून झाली आणि एक रुपया बुडाला नाही. ज्याची तारीख नक्की आहे त्यानं खुशाल आधी काढावं. आपली नक्की नसते, हे धरून चालायचं.

दुसरं : चैन कुठं करायची

बहुतेक लोक काय करतात, सहाही रात्री मध्यम हॉटेलात काढतात. धड स्वस्त नाही, धड चांगलं नाही. परत आल्यावर एकही खोली आठवत नाही. मी वेगळा हिशोब मांडला.

समजा, पाच हजारांची खोली सहा रात्री घेतली, तीस हजार झाले. आता चार रात्री अडीच हजारांच्या साध्या, स्वच्छ खोलीत राहा, दहा हजार झाले. उरलेल्या वीस हजारांत दोन रात्री दहा-दहा हजारांच्या, अगदी किनाऱ्यावरच्या. रक्कम तीच. पण तिथं सकाळी उठून पडदा सरकवला की समोर समुद्र.

शहरात, म्हणजे पोर्ट ब्लेअरला, ज्याचं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये श्री विजयपुरम असं नाव झालं, तिथं महाग खोलीचा उपयोगच नाही. दिवसभर तुम्ही जेल बघताय, रॉस बेटावर जाताय, रात्री फक्त पाठ टेकायची. नीलला, म्हणजे शहीद द्वीपला, बेट एवढं लहान की सायकलनं फिरून होतं. तिथंही साधी खोली चालते. चैन करायची ती हॅवलॉकला. त्याचं नाव आता स्वराज द्वीप आहे, पण लोक अजून हॅवलॉकच म्हणतात.

आणि इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण ती मला पहिल्या ट्रिपमध्ये कोणी सांगितली नव्हती. अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळं तिथं सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. पहाटे पाचच्या सुमारास उजेड आणि साडेपाचच्या आसपास सूर्यास्त. आता हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला आणि सोडायची असते सकाळी नऊ-दहाला. म्हणजे तुम्ही महागडी खोली एकच रात्र घेतली तर उजेडात समुद्र मिळतो दोन-अडीच तास आणि सकाळी थोडा. पैसे अंधाराचे जातात. म्हणून महागडी खोली घ्यायची तर सलग दोन रात्री घ्या, नाहीतर घेऊच नका. सकाळच्या बोटीनं पोहोचा. खोली तयार नसली तरी सामान रिसेप्शनला ठेवता येतं, किनारा तर उघडाच असतो. निघायच्या दिवशीही खोली सोडून सामान तिथंच ठेवा आणि दुपारपर्यंत बसा. दोन रात्रींच्या पैशांत तीन दिवस मिळतात.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. हॅवलॉकच्या पूर्वेच्या बाजूला, विजयनगरकडे, बरीच किनाऱ्यावरची हॉटेलं आहेत. दिसायला सुंदर. पण ओहोटीला पाणी लांबवर मागं जातं आणि समोर खडक-वाळू उरते, पोहता येत नाही. "सी व्ह्यू" म्हणून जास्त पैसे देण्याआधी तुमच्या तारखेला ओहोटी किती वाजता आहे ते बघून घ्या. पोहायचं असेल तर पश्चिमेचा राधानगर किनारा. २००४ साली टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं होतं, आणि तो सगळ्यांसाठी खुला आहे. तिथं बसायला महागड्या हॉटेलचं गिऱ्हाईक असावं लागत नाही.

तिसरं : साडेसात हजारांची रेघ

सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचा दर दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे. त्याच्या वर गेला की १८ टक्के. रेघेच्या अलीकडे-पलीकडे काय होतं बघा. ७,४०० ची खोली, कर ३७०, एकूण ७,७७०. आणि ८,००० ची खोली, कर १,४४०, एकूण ९,४४०. दरात फरक सहाशेचा, बिलात फरक १,६७० चा. मघाशी मी दहा हजारांची खोली म्हणालो, तिला दोन रात्रींचा करच ३,६०० होईल. म्हणून आधी बघा, त्याच हॉटेलात किंवा शेजारी साडेसातच्या आतली खोली मिळते का. मार्चअखेरीला बऱ्याचदा मिळते. हॉटेलवाल्याला थेट फोन करून विचारा, नाश्ता धरून किती, कर धरून किती. ऑनलाइन दिसणारा दर आणि फोनवरचा दर, दोन्ही लिहून घ्या. बेटावर नाश्ता धरलेला असणं फायद्याचं. दुपारचं-रात्रीचं जेवण मात्र बाहेर करा, गोविंदनगरच्या बाजारात मासळीची थाळी छान मिळते. रिसॉर्टमधलं जेवण एकदाच, सावकाश, त्याच्यासाठी म्हणून करा.

चौथं : जायचं कसं

आपण दिंडोरीकर विमान म्हटलं की मुंबईच धरतो. पण ओझरचं विमानतळ आपल्याच तालुक्यात, जानोरीला, हाताच्या अंतरावर आहे. मुंबईचं तिकीट स्वस्त दिसतं. पण त्यात दोनशे किलोमीटरची गाडी, टोल, कसारा घाटातल्या ट्रॅफिकची धास्ती, पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीची खोली, आणि येताना पुन्हा तेवढंच. हे सगळं धरून बेरीज करा. कधी ओझरहून हैदराबाद किंवा बंगळूरमार्गे जाणं महाग पडेल, कधी स्वस्त. मुद्दा एवढाच, की घरापासून घरापर्यंतचा आकडा काढा.

ओझरहून जोडविमान घेणार असाल तर शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

पाचवं : जिथं वाचवायचं नाही

आता महत्त्वाचं. बेटांमधल्या बोटी. एक सरकारी, एक खाजगी. सरकारी बोटीचं तिकीट खूप स्वस्त. हॅवलॉकला जायला अडीच तासांच्या आसपास लागतात, खाजगी जलद बोट दीड तासात नेते. सरकारी बोटीत बसायला काहीच हरकत नाही. डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, मला तर तीच आवडली. फक्त ती तिथल्या लोकांची एसटी आहे, हे लक्षात ठेवा. जागा लवकर भरतात. म्हणून मी जाताना खाजगी धरली, सकाळी लवकर पोहोचायला. बेटावरून परतताना सरकारी घेतली.

पण परतीच्या विमानाच्या आदली रात्र मोठ्या बेटावरच काढायची. यात सूट नाही. हॅवलॉकहून सकाळी निघून दुपारी विमान पकडू, असं कोणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका. हवामान कधीही फिरतं. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात, वादळामुळं हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाची जहाजं पाठवावी लागली. हे मला २०१७ ला माहीत असतं तर! शेवटच्या रात्रीची अडीच हजारांची खोली म्हणजे तीन विमान तिकिटांचा विमा समजा. तो दिवस वाया पण जात नाही, सेल्युलर जेल त्या दिवसासाठी ठेवा. सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात, पण त्या बघायला अर्धा दिवस हवाच. घाईत बघण्याची ती जागा नाही.

थोडी रोकडही जवळ असू द्या. छोट्या बेटांवर एटीएम मोजकीच आणि नेटवर्कचा भरवसा नाही.

मालदीवबद्दल थोडं

मालदीवला भारतीयांना तिथं उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो, म्हणून लोकांना वाटतं सोपं आहे. खर्च वेगळीकडे लपलेला असतो. रिसॉर्ट एकेका स्वतंत्र बेटावर असतं, तिथं न्यायला बोट किंवा समुद्रावर उतरणारं छोटं विमान लागतं. त्या विमानाचं येण्या-जाण्याचं भाडं माणशी शेकडो डॉलर असतं, आणि ते फक्त दिवसा उडतं. तुम्ही संध्याकाळी मालेला उतरलात तर एक रात्र तिथंच काढावी लागते. म्हणून खोलीचा दर बघण्याआधी पोहोचवण्याचा दर बघा. शिवाय हरित कर आहे. २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर, लोकवस्तीच्या बेटावरच्या छोट्या गेस्टहाऊसमध्ये ६ डॉलर.

स्वस्तात करायचं तर माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये राहा आणि एखादा दिवस रिसॉर्टचा "डे पास" घ्या. मघाचाच नियम, साधी खोली आणि मोजकी चैन. लोकवस्तीच्या बेटांवर दारू चालत नाही, कपड्यांचे नियम असतात. आपल्या घरच्या मंडळींना त्याची अडचण वाटणार नाही.

आणि शेतकऱ्यांसाठी खास एक. परदेशाचं पॅकेज घेतलं की टूरवाला त्यावर टीसीएस घेतो. तो कर तुमच्या नावावर जमा असतो आणि रिटर्न भरलं की परत मागता येतो. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्यातले कित्येक जण रिटर्नच भरत नाहीत. मग ते पैसे तसेच राहतात. जाणार असाल तर टीसीएसचा दाखला घ्या आणि त्या वर्षीचं रिटर्न भरा. हे पैसे वाचवायला समुद्रकिनाऱ्यावर काही सोडावं लागत नाही, फक्त सीएकडे एक चक्कर.

शेवटचं

तर २०२४ ची ट्रिप. मी आणि बायको. राधानगरला दुपारी तीनला जाऊन बसलो ते अंधार पडेपर्यंत. बायको पाण्यातून बाहेरच येईना. "अहो, या की!" म्हणून हाका मारत होती. तेवीस वर्षांत मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात मार्च म्हणजे कात्री, क्रेट, मजुरांचा चहा आणि तिच्या हाताला चिकटलेला द्राक्षाचा चीक. त्याच मार्चमध्ये ती तिथं होती. घरी येऊन बेरीज केली. माणशी खर्च २०१७ पेक्षा कमी होता, सात वर्षांची महागाई धरूनसुद्धा. कारण २०१७ मध्ये आम्ही विमानाची तिकिटं दोनदा काढली होती.

आईला पण विचारलं होतं, चल म्हणून. तिचे गुडघे आता बोटीच्या फळीवर चढू देत नाहीत. "मी बघितलाय समुद्र," म्हणाली, "तुम्ही जा." वीस मिनिटं बघितला होता. त्याचं मला वाईट वाटतं, आणि हा भाग करायचं खरं कारण तेच. घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याला न्यायचं मनात असेल, तर आकडा थोडा जुळत नसला तरी याच वर्षी न्या. खोली साधी घ्या, दिवस कमी करा, पण किनाऱ्यावर त्याला उजेडात पोहोचवा आणि बसू द्या हवं तेवढं.

मोहाडीच्या दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात : शेवटची गाडी गेली की निघा, सहा रात्रींत दोन चांगल्या घ्या, त्या सलग घ्या, आणि परतीच्या आदली रात्र मोकळी ठेवा. वहिनींना आमचा नमस्कार सांगा.

पुढच्या भागात एप्रिल छाटणीच्या मजुरीवर बोलू. तोपर्यंत तुमचे प्रश्न पाठवत राहा. राम राम मंडळी.